यादी पाठ होते, पण शब्द हाताशी येत नाहीत: हायस्कूलच्या मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नववीत. व्याकरण बरं आहे, वाक्यं बिनचूक लिहिते, पण निबंधात गुड, नाइस, बिग, व्हेरी, थिंग हे तेच तेच शब्द येत राहतात. म्हणून सुट्टीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शब्दांची दोन हजारांची यादी पाठ करायला घेतली, रोज पंचवीस शब्द. महिन्याभरानं विचारलं तर निम्म्याहून जास्त आठवेनात आणि जे आठवले तेही लिखाणात कुठे उतरले नाहीत. आता काय करावं?

सर्वांत आधी सांगतो, मुलीच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. रोज पंचवीस शब्द आणि त्यांच्यासमोर एकेक अर्थ, असं पाठांतर केलं की कोणाचंही हेच होतं. मी वर्षानुवर्षं आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आहे. दरवर्षी अशा याद्या घेऊन मुलं येतात. मेहनती मुलंच जास्त येतात, त्यामुळे त्यांचे ते तास वाया जाताना पाहून जीव तुटतो. अडचण दोन ठिकाणी असते: कुठले शब्द निवडले आणि निवडलेल्या शब्दाचं पुढे काय केलं. दुसरी अडचण मोठी आहे, पण सुरुवात पहिलीपासून करू.

‘अ‍ॅडव्हान्स्ड शब्द’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एरुडाइट, पर्निशस, लॅकोनिक, इफेमरल असे शब्द येतात. याद्याही त्यांनीच भरलेल्या असतात. हे शब्द चांगले आहेत, पण नववीच्या मुलीला ते वर्षभरात एखाददुसऱ्या वेळी भेटणार. याउलट तिच्या विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा आणि ती नेमकी कुठे अडखळते ते पाहा. ती ‘फोटोसिंथेसिस’पाशी अडखळत नाही, कारण तो शब्द शिक्षक फळ्यावर लिहून, आकृती काढून शिकवतात. ती अडखळते ‘रिस्पेक्टिव्हली’पाशी, ‘व्हेअरअ‍ॅज’पाशी, ‘निग्लिजिबल’, ‘एक्सीड’, ‘प्रोव्हायडेड दॅट’पाशी. हे शब्द कोणीच शिकवत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना वाटतं ते इंग्रजीत झाले असतील, इंग्रजीच्या शिक्षकांना वाटतं ते विज्ञानात होतील. प्रश्नपत्रिकेतही हेच. ‘जस्टिफाय’, ‘डिस्टिंग्विश’, ‘अकाउंट फॉर’, ‘इन्फर’, ‘इव्हॅल्युएट’ या क्रियापदांमधला फरक कळला नाही म्हणून येत असलेल्या उत्तराचे गुण गेलेली मुलं मी दर परीक्षेत पाहतो. ‘अकाउंट फॉर’ म्हणजे कारण द्या. मुलं वर्णन लिहून येतात.

इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकीओन या अमेरिकन अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत. खालच्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द, वरच्या थरात एकेका विषयाचे पारिभाषिक शब्द, आणि मधल्या थरात कुठल्याही विषयाच्या जरा प्रौढ लिखाणात हमखास येणारे शब्द. शिकवण्याची खरी मेहनत या मधल्या थरावर घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभवही अगदी हाच आहे. सिग्निफिकंट, अझ्यूम, इव्हिडंट, रिलक्टंट, इनएव्हिटेबल, कॉन्ट्रास्ट, सबसिक्वेंट, डिराइव्ह. दिसायला भारदस्त नाहीत, पण एकदा पक्के झाले की पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, कथा आणि प्रश्नपत्रिका सगळीकडे उपयोगी पडतात.

या थराची एक तयार यादी आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुटुंबांची ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. अगदी नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द त्यांनी आधीच वगळले होते. अभ्यासाच्या मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द या एवढ्याशा यादीतले निघतात. ती वापराच्या क्रमानं दहा भागांत विभागलेली आहे आणि मुळात विद्यापीठाच्या पातळीसाठी बनवलेली असल्यानं हायस्कूलसाठी पहिले चार-पाच भाग पुष्कळ झाले. यादीच हवी असेल तर ही घ्या. पण पाठ करायला नको. वाचताना एखादा शब्द भेटला आणि तो या यादीतही आहे असं दिसलं, की तो वहीत घ्यायचा. आता दोन हजारांची जी यादी घरात आहे, तिचाही असाच उपयोग होईल. मुलीला हातात पेन्सिल घेऊन ती नुसती चाळू द्या आणि ‘हा मी कुठेतरी वाचलाय, पण नक्की अर्थ सांगता येत नाही’ अशा शब्दांवर खूण करू द्या. अर्धवट ओळखीचे शब्द सर्वांत लवकर पक्के होतात. ज्यांची तोंडओळखही नाही ते तूर्त सोडून द्यावेत.

किती शब्द लागतात, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशोब असा, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, अनडिसायडेड हे सगळे मिळून एक. आकडा मोठा आहे, घाबरून जाऊ नका. त्यातून एवढंच समजायचं, की सगळे शब्द एकेक करून शिकवणं कोणालाही शक्य नाही. आठवड्याला दहा शब्द नीट केले आणि शाळेचे चाळीस आठवडे धरले, तर वर्षाला चारशे होतात. म्हणजे बहुतेक शब्द वाचनातूनच यायला हवेत, आणि मेहनत घेऊन शिकायचे शब्द असे निवडायला हवेत की त्यांच्यामुळे वाचन सोपं होईल.

आता दुसरी अडचण. शब्द ‘येतो’ म्हणजे काय?

एकच शब्द जवळून पाहू: रिलक्टंट. यादीत त्याच्यासमोर ‘नाखूश’ किंवा ‘अनिच्छुक’ असं लिहिलेलं असतं. मुलगी ते पाठ करते आणि लिहिते, ‘आय अ‍ॅम रिलक्टंट फ्रॉम मॅथ्स’. तिचं काय चुकलं ते तिला कळणारही नाही, कारण अर्थ तर बरोबर होता. या शब्दाविषयी तिला खरं तर पुढचं सगळं हवं होतं. याच्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद येतं: रिलक्टंट टू स्पीक, रिलक्टंट टू लीव्ह. तो एखाद्या कृतीबद्दल असतो, वस्तूबद्दल किंवा विषयाबद्दल नसतो. ‘अनविलिंग’ माणूस बहुधा नाहीच म्हणतो, ‘रिलक्टंट’ माणूस मात्र बरेचदा शेवटी ते काम करतो, फक्त मन घेत नसतं. म्हणून ‘शी रिलक्टंटली अग्रीड’ हे वाक्य इंग्रजीत वारंवार भेटतं. मराठीत त्याला नेमका शब्दप्रयोग आहे: आढेवेढे घेत ती कबूल झाली. एकदा हे ‘आढेवेढे’ सुचले की ‘अनिच्छुक’ची गरजच उरत नाही आणि शब्द कायमचा बसतो. मग त्याचं नाम रिलक्टन्स, आणि ‘विथ ग्रेट रिलक्टन्स’ ही ठरलेली जोडी. मग त्याचा वापर: लिहिण्यात चालतो, बोलण्यातही चालतो, फार औपचारिक नाही.

हे सगळं एका बैठकीत शिकवायचं नाही. पहिल्या दिवशी अर्थ, उच्चार आणि एक वाक्य. दोन-तीन दिवसांनी ‘टू’ची रचना. पुढच्या आठवड्यात रिलक्टंटली आणि रिलक्टन्स. तोवर वाचनात तो एकदा तरी पुन्हा दिसलेला असतो, कारण मधल्या थरातला आहे. पंचवीस शब्दांचं एका दिवसात असं काही करता येत नाही, दहांचं आठवड्यात येतं. म्हणून आकडा लहान ठेवायचा.

उच्चाराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ज्या शब्दाचा उच्चार नक्की माहीत नाही तो मूल बोलायला धजत नाही, आणि जो बोलत नाही तो लिहितानाही सुचत नाही. शिवाय एकाच कुटुंबात आघात, म्हणजे बोलताना एका अक्षरावर पडणारा जोर, जागा बदलतो: ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये तो सुरुवातीला असतो, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्या अक्षरावर जातो, ‘अ‍ॅनलिटिकल’मध्ये तिसऱ्या. ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकण्याची सोय असते. शब्द वहीत घेण्याआधी तो दोनदा ऐकून मोठ्यानं म्हणायचा, एवढी शिस्त लावली तरी खूप आहे.

शब्दकोश कोणता? परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळे शब्दकोश असतात आणि हायस्कूलच्या मुलानं तेच वापरावेत. ए. एस. हॉर्नबी यांनी केलेला आणि पुढे ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जगभर गेलेला कोश हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. लाँगमननं १९७८ मध्ये काढलेल्या कोशात सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचं बंधन पाळलं. १९८७ मध्ये आलेल्या कोबिल्डनं अर्थ पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शब्द कसा वापरतात ते अर्थ वाचतानाच कळतं. या कोशांच्या ऑनलाइन आवृत्त्या फुकट पाहता येतात. तिथे अर्थापेक्षा उदाहरणवाक्यं जास्त महत्त्वाची, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मराठी अर्थ पाहणं मुळीच वाईट नाही. ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावं’ या आग्रहापायी मुलं दहा मिनिटं एका व्याख्येशी झगडतात आणि शेवटी धूसर काहीतरी समजून पुढे जातात. मराठीतला चपखल शब्द एका क्षणात लख्ख अर्थ देतो. तो आधी घ्यावा, मग इंग्रजी उदाहरणं पाहावीत. फक्त मराठी प्रतिशब्द कोशातला जड शब्द नसावा, मुलीच्या तोंडी असलेला असावा. ‘अँबिग्युअस’साठी ‘संदिग्ध’ लिहून तिला तोही शब्द अवघड वाटत असेल, तर ‘दोन अर्थ निघतील असं’ हे जास्त चांगलं.

शब्दांचा भारदस्तपणा कसा ओळखायचा, हा याच्याशी जोडलेला मुद्दा आहे आणि मुलांना तो फार आवडतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात काही शतकं फ्रेंचचं राज्य होतं. शेतकरी मात्र आपलं जुनं इंग्रजीच बोलत राहिला. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले. म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द सापडतात: विचारायला आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट, राजासंबंधी किंगली, रॉयल आणि रीगल. पहिला घरगुती, दुसरा जरा प्रतिष्ठित, तिसरा ग्रांथिक. मराठी मुलाला हे लगेच पटतं, कारण आपल्याकडे पाणी आणि जल आहेच. आपण पाणी पितो, पण प्रकल्प जलविद्युतचा असतो. ‘मी जल प्यालो’ असं कोणी म्हटलं तर कानाला खटकतं. नेमकं तसंच मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘आय शॅल कमेन्स माय होमवर्क’ हे इंग्रजी वाचकाला खटकतं. अवघड शब्द म्हणजे चांगला शब्द, ही समजूत इथेच मोडून काढावी.

मूळ धातू शिकवण्याचा फायदा आहे, पण मर्यादेत. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं हे कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, पर्स्पेक्टिव्ह एका माळेत येतात. डिक्ट, स्क्राइब, पोर्ट, व्हर्ट, जेक्ट असे पंधरा-वीस धातू आणि नेहमीचे उपसर्ग-प्रत्यय पुरेत. लक्षात ठेवण्यासाठी ते उत्तम आहेत, अर्थ ओळखण्यासाठी मात्र बेभरवशाचे. ‘इन’ म्हणजे नकार असं धरून चालणारा मुलगा ‘इनफ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारा’ असा करतो, आणि तो शब्द तर चटकन पेटणाऱ्या पदार्थासाठी आहे. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजेही बिनकिमतीचं नव्हे, अनमोल. म्हणून धातूवरून अंदाज करायचा आणि कोशात खात्री करायची.

आता स्मरणाविषयी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटतं. पुढे गळती मंदावते. म्हणून उजळणीच्या वेळा महत्त्वाच्या: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. उजळणी म्हणजे यादी पुन्हा वाचणं नव्हे, आणि बहुतेक मुलं नेमकं तेच करतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवणारे पुढे होते. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘मला येतंय’ असा भास होतो. न पाहता आठवायला लागलं की डोक्याला ताण पडतो. तोच ताण शब्द पक्का करतो.

साधन म्हणून साधी कार्डं पुरतात. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांची खोक्याची पद्धत जुनी आहे आणि आजही तितकीच कामाची: बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा परत येतं, चुकलेलं पहिल्या कप्प्यात येऊन उद्याच समोर उभं राहतं. मोबाइलवरची अ‍ॅपं हेच करतात. कार्डावर काय लिहायचं हे मात्र नीट ठरवावं. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं लिहिलं तर शब्द ओळखता येतो, सुचत नाही. त्याऐवजी पुढे वाक्य आणि गाळलेली जागा लिहावी: ‘शी ____ अग्रीड टू लेंड हर न्यू सायकल’, कोपऱ्यात ‘आढेवेढे घेत’, आणि मागे ‘रिलक्टंटली’. वाक्य शक्यतो तिनं जिथे तो शब्द वाचला तिथलंच असावं. कार्ड तिनं स्वतःच्या हातानं करावं. विकत आणलेली किंवा दुसऱ्यानं बनवलेली तयार कार्डं मला फारशी कामाला आलेली दिसली नाहीत.

सारखे किंवा विरुद्ध अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. शिक्षकही हे सर्रास करतात, कारण गट करून शिकवणं सोयीचं वाटतं. टिंकहॅम आणि वेअरिंग या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की अर्थानं जवळचे नवे शब्द एकत्र घेतले तर शिकायला जास्त वेळ लागतो आणि ते एकमेकांत मिसळतात. ‘इम्प्लिसिट’ आणि ‘एक्सप्लिसिट’ एकत्र शिकलेली मुलं बारावीपर्यंत गोंधळतात. ‘इन्फर’ आणि ‘इम्प्लाय’चंही तेच. आधी एक पक्का होऊ द्या. पुरता अंगवळणी पडला, की महिन्याभरानं दुसरा घ्या. तेव्हा फरक समजावणं सोपं जातं.

वाचनाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. एक, पुस्तक सोपं हवं. पानावर पाच-सहा अनोळखी शब्द आले तर वाचन टिकतं, वीस-पंचवीस आले तर आठवड्यात पुस्तक कपाटात जातं. त्यामुळे नववीच्या मुलीनं तिच्या वयापेक्षा लहान मुलांसाठीचं पुस्तक वाचायला घेतलं तर वाचू द्या. दोन, काही आठवडे एकाच विषयावर वाचन ठेवावं. क्रिकेट, अंतराळ, प्राणी, गुन्हेकथा, जे आवडेल ते. एका विषयातले शब्द सारखे परत भेटतात, आणि एका भेटीत शब्द शिकला जाण्याची शक्यता फार कमी असते. पुन्हा पुन्हा भेटूनच तो मनात रुजतो.

संदर्भावरून अर्थ ओळखा, असं मुलांना सांगितलं जातं. जरूर ओळखावा, पण प्रत्येक वाक्य मदत करतंच असं नाही. ‘आफ्टर थ्री डेज ऑफ रेन द स्वोलन रिव्हर कव्हर्ड द ब्रिज’ इथे ‘स्वोलन’ जवळजवळ सांगूनच टाकला आहे. ‘ही वॉज अ टॅसिटर्न मॅन अँड एव्हरीवन न्यू हिम’ इथे काहीच हाती लागत नाही. मुलं ‘प्रसिद्ध’, ‘दयाळू’, ‘उंच’ असे अंदाज करतात. खरा अर्थ मितभाषी. चुकीचा अंदाज एकदा मनात बसला की काढणं अवघड. म्हणून वाचताना अंदाज करायचा, शब्दाखाली बारीक रेघ मारायची आणि प्रकरण संपल्यावर त्यातले दोन-तीनच कोशात पाहायचे. प्रत्येक शब्दाला थांबलं तर गोष्टीची मजा जाते आणि वाचनच सुटतं.

आता लिखाणाकडे येऊ, कारण मूळ तक्रार तीच आहे. मुलीचं वाक्य असं असेल: ‘द मूव्ही वॉज व्हेरी गुड’. इथे समानार्थी शब्दांचा कोश उघडून ‘गुड’च्या जागी ‘एक्झेम्प्लरी’ टाकणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. सिनेमाला तसं म्हणत नाहीत, आणि वाचकाला नवीन काही कळलंही नाही. तिला विचारा, आणि मराठीतच विचारा: चांगला म्हणजे कसा? ती म्हणेल, ‘शेवटपर्यंत जागचं हलता आलं नाही.’ मग शब्द आहे ‘ग्रिपिंग’. ‘रडायला आलं’, तर ‘मूव्हिंग’. ‘ती मुलगी खरीच वाटली, नटी वाटली नाही’, तर ‘कन्व्हिन्सिंग’. प्रत्येक वेळी वेगळा शब्द आला, कारण प्रत्येक वेळी सांगायचं काहीतरी वेगळं होतं. ज्यांच्या निबंधात सगळीकडे ‘गुड’ असतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा शब्द ओळखता येत असतो. ‘चांगलं’च्या पुढे जाऊन विचार करायला त्यांना कोणी लावलेलं नसतं. माझ्या वर्गात एका परिच्छेदातले तीनच ढोबळ शब्द अधोरेखित करून परत देतो आणि शेजारी फक्त ‘कसं?’ एवढंच लिहितो. आठ-दहा आठवड्यांत लिखाणात फरक दिसू लागतो, आणि तो पाठांतरानं आलेल्या फरकापेक्षा टिकाऊ असतो.

याच्याच जोडीला शब्दांच्या जोड्या. प्रौढ इंग्रजी लिखाणाचा निम्मा डौल जोड्यांत आहे: ड्रॉ अ कन्क्लूजन, रेझ अ क्वेश्चन, पोझ अ थ्रेट, प्ले अ रोल, मीट अ डेडलाइन. यातला एकही शब्द अवघड नाही. पण ‘मेक अ कन्क्लूजन’ आणि ‘गिव्ह अ थ्रेट’ लिहिणारी मुलं पुष्कळ. म्हणून वहीत एकटं नाम लिहूच नये. त्याच्याबरोबर येणारं क्रियापद लिहावं. विशेषणाबरोबर त्याचं नाम, क्रियापदाबरोबर त्याचं अव्यय. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एम्फसाइझ ऑन’ या आपल्याकडच्या दोन पक्क्या चुका आहेत. नामाला अव्यय लागतं, ‘अ डिस्कशन अबाउट’, ‘अ‍ॅन एम्फसिस ऑन’, तेच मुलं क्रियापदालाही चिकटवतात. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवली की चूक सुटते, नुसतं ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारल्यानं सुटत नाही.

पुढे परदेशी शिक्षणाच्या परीक्षा द्यायच्या म्हणून काही पालक दुर्मीळ शब्दांच्या मागे लागतात. त्यांनी अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा प्रवास पाहावा. तिथे १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढले, २००५ मध्ये दोन शब्दांमधल्या नात्यासारखंच नातं असलेली जोडी ओळखण्याचे, २०१६ मध्ये जुन्या धाटणीच्या रिकाम्या जागांचे. आता छोटा उतारा देऊन तिथे कोणता शब्द चपखल बसतो, किंवा दिलेल्या शब्दाचा त्या ठिकाणी काय अर्थ आहे, असं विचारतात. म्हणजे पुन्हा मधला थरच.

आठवड्याची घडी साधारण अशी बसवता येईल. रोज वीस मिनिटं आवडीचं वाचन, त्यात तडजोड नाही. रोज पाच-सात मिनिटं कार्डं. शनिवारी आठवड्याच्या खुणा केलेल्या शब्दांतून दहा निवडून त्यांची कार्डं करायची. रविवारी दहा-बारा ओळींचा एक परिच्छेद, त्यात गेल्या आठवड्याचे दोन किंवा तीनच शब्द. दहाही कोंबायचे नाहीत, कारण कोंबलेले शब्द वाचणाऱ्याला दिसतात. तो परिच्छेद इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावा. या वयात चुकीचा वापर वेळेवर कोणी दाखवून देणं फार गरजेचं असतं.

आईला इंग्रजी फारसं येत नसेल तरी मोठं काम करता येतं. मुलीनं शिकलेला शब्द तिला मराठीत समजावून सांगायला लावायचा: कधी वापरतात, कोणाबद्दल वापरतात, ‘अनविलिंग’पेक्षा वेगळा कसा. समजावताना ती जिथे अडकेल तिथे शब्द कच्चा आहे, हे दोघींनाही कळेल. धाकट्या भावंडाला शिकवायला लावलं तरी चालेल.

प्रगती मोजायला कार्डांचा आकडा धरू नका. ओळखीचा झालेला शब्द आणि आपणहून लेखणीतून उतरलेला शब्द यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं, आणि मधल्या काळात काहीच होत नाहीये असं वाटतं. दर तीन महिन्यांनी जुन्याच एखाद्या विषयावर, कार्डं न पाहता, पुन्हा एक पान लिहायला सांगा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. त्यात न ठरवता आलेले नवे शब्द किती, जोड्या बरोबर आहेत का आणि ‘व्हेरी’ किती कमी झाले, ते पाहा. पहिल्या तुलनेत असे चार-पाच नवे शब्द दिसले तरी ते पुष्कळ आहेत. परीक्षेच्या आधीचा महिना आला की नवे शब्द पूर्ण थांबवावेत. तेव्हा फक्त जुनी कार्डं आणि रोजचं वाचन, तेही दहा मिनिटांवर आणलं तरी हरकत नाही.